काठ सरकतो तशी मोटार

आमचे घर उजनी धरणाच्या काठावर, करमाळा तालुक्याच्या बाजूला आहे. ‘काठावर’ हा शब्द वर्षातले चार-पाच महिनेच खरा असतो. सप्टेंबरात धरण भरले की खालच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर पाणी उभे असते आणि रात्री लाटांचा आवाज ओसरीवर ऐकू येतो. त्याच बांधावर मे महिन्यात उभे राहिले तर समोर भेगाळलेला गाळ, मध्येच कोणीतरी घाईने पेरलेली मक्याची किंवा कलिंगडाची पट्टी आणि तिच्यापलीकडे दूरवर चमकणारी पाण्याची रेघ दिसते. घराला वापराचे पाणी त्या रेघेतूनच आणावे लागते. ग्रामपंचायतीची नळयोजना गावठाणापर्यंत आहे, आमची वस्ती तिथून दोन किलोमीटर आहे, आणि बोअरचे पाणी इतके खारट आहे की त्यात डाळ शिजत नाही व कपड्यांना साबणाचा फेस येत नाही.

गेली बारा वर्षे हे पाणी घरापर्यंत आणण्याचे काम मुख्यतः मी पाहते. यजमान नोकरीसाठी बाहेरगावी असतात, दीर शेती बघतात. घरची मोटार माझ्याकडे आली ती आली. सुरुवातीला मला यातले काही कळत नव्हते. चुका झाल्या, दोन मोटारी जळाल्या, आणि एक प्रसंग असा घडला की तो आठवला तरी अजून अंगावर काटा येतो. आमच्यासारखी पाण्याजवळ असूनही पाण्यापासून लांब राहणारी घरे काठाने पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी धरणाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचे तळाचे पाणी, ६३.६६ टीएमसी. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असल्यामुळे हे धरण ‘उणे’ होते. दुष्काळी वर्षी मृतसाठ्यातूनही पाणी सोडले जाते आणि टक्केवारी शून्याच्या खाली मोजत जातात. २०२४ साली जानेवारीतच धरण उणे झाले आणि पावसाळ्याच्या तोंडावर उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे, म्हणजे सगळा उपयुक्त साठा जेमतेम सहा मीटरांच्या उंचीत सामावलेला आहे. उंचीचा हा फरक फार नाही. आमच्याकडची जमीन मात्र परातीसारखी उथळ आहे, त्यामुळे पातळी एक मीटर उतरली की काठ साठ-सत्तर मीटर मागे जातो. वाईट वर्षी पाण्याची कड आमच्या बांधापासून पाचशे मीटर लांब गेलेली मी पावले टाकून मोजली आहे. बांधापासून खालची ही सारी उतरण पूर्वीच्या गावाची आहे. सासरे, म्हणजे आमचे आण्णा, २०१६च्या उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या दगडी जोत्याकडे बोट दाखवून सांगत, “हितं आपली चूल होती, आन् आड तकडं, लिंबाखाली.” त्या आडावर घरातल्या बायका दोन मिनिटांत घागर भरून येत. आज त्याच जागेवरून पाणी वर आणायला मोटार, पाइप आणि केबल लागते.

लग्न होऊन मी आले तेव्हा काठावर एक साधी मोनोब्लॉक मोटार होती. ही मोटार कोरड्यावर बसते आणि पाणी ओढून घेते. तिची अडचण अशी की कोणताही पंप पाणी ‘ओढतो’ ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि तो जोर हिशेबाने दहा मीटरांच्या आसपास संपतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरांच्या पुढे मोटार हवा धरते आणि पाणी सोडते. म्हणून पाणी मागे गेले की मोटारही त्याच्या मागोमाग न्यावी लागते. दर आठ-दहा दिवसांनी दीर आणि आणखी दोघे-तिघे मिळून मोटार उचलून पुढे नेत, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तोंडाची पाणी मागे न सोडणारी झडप, पाण्यात टाकत आणि बादलीने पाणी ओतून ती ‘भरून’ घेत. फूटव्हॉल्व्हमध्ये एखादी काडी अडकली तरी सगळे पाणी उतरून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. शेतीच्या मोठ्या मोटारींसाठी लोक जेसीबीने चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. घराच्या पिंपभर पाण्यासाठी तेवढा खर्च कोण करणार?

पाणबुडी मोटारीचे तत्त्व वेगळे आहे. ती पाण्यातच असते, त्यामुळे ओढण्याचा प्रश्न येत नाही. ती पाणी ढकलते. भरून घेण्याची कटकट नाही, फूटव्हॉल्व्ह नाही आणि ढकलण्याला दहा मीटरांची मर्यादाही नाही. म्हणून आम्ही २०१३च्या दुष्काळानंतर आडवी ओपनवेल सबमर्सिबल आणली आणि दोरी बांधून सरळ तळाला सोडली. ती विहिरीसाठी बनवलेली असते आणि विहिरीच्या दगडी तळावर निमूट बसते. धरणाचा तळ दगडी नाही. तिथे चाळीस वर्षांत साचलेला लोण्यासारखा मऊ गाळ आहे. महिनाभरात मोटार स्वतःच्या वजनाने त्यात अर्धी रुतली. नळाला करड्या रंगाचे, कुबट वासाचे पाणी येऊ लागले. पुढच्या आठवड्यात ते बारीक झाले आणि एका सकाळी स्टार्टर वारंवार पडू, म्हणजे आपोआप बंद होऊ, लागला. दिरांनी मोटार बाहेर काढली तेव्हा ती गाळाने लिंपल्यासारखी दिसत होती. वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळाले होते. पाणबुडी मोटार भोवतालच्या पाण्याने थंड राहते, आणि गाळात रुतलेल्या मोटारीला पाणी मिळत नाही. अंगावर गोधडी घेऊन भर उन्हात काम करावे तशी तिची अवस्था होते.

रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रींनी तेव्हा मला एक वाक्य सांगितले, “ताई, मोटार पाण्यात ठिवायची नसती, पाण्यात टांगायची असती.” आमच्या सध्याच्या सगळ्या व्यवस्थेचे मूळ या एका वाक्यात आहे.

टांगायची तर कशाला, हा पुढचा प्रश्न. विहिरीला कठडा असतो, धरणाला नसतो. आम्ही दोनशे लिटरच्या चार निळ्या प्लास्टिक पिंपांचा तराफा केला. पिंपांची बुचे रबरी वायसर घालून घट्ट केली, त्यांच्यावर लोखंडी अँगलची चौकट बसवली आणि चौकटीच्या मधोमध आडव्या पाइपाला मोटार टांगली. मोटार केबलला किंवा पाण्याच्या पाइपाला कधीही लोंबकळत ठेवू नये. तिच्या कानांत वेगळा मजबूत नायलॉनचा दोर ओवावा आणि सगळे वजन त्या दोरावर घ्यावे. तराफ्याला दोन बाजूंना नांगर हवेत. सिमेंटच्या पोत्यांत खडी भरून आम्ही ते बनवले. एकच नांगर असला तर वाऱ्याने तराफा गोल फिरतो आणि केबल दोराभोवती पीळ घालते.

या वेळी मोटार घेतली ती बोअरची उभी, चार इंची, व्ही-फोर म्हणतात ती. तिचा व्यास लहान, वजन कमी, आणि एकावर एक बसवलेल्या पंख्यांमुळे ती पाणी उंच चढवते. पण ही मोटार तलावात वापरताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि दुकानदारही सांगत नाहीत. या पंपात मोटार खाली, पंप वर आणि पाणी आत घेण्याची जाळी दोहोंच्या मध्ये असते. बोअरच्या अरुंद नळीत पाणी खालून वर येताना मोटारीच्या अंगाला घासून जाते, म्हणून ती थंड राहते. मोकळ्या तलावात पाणी बाजूंनी सरळ जाळीत शिरते, खालची मोटार मात्र जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्यात तापत राहते. आमची दुसरी मोटार याच कारणाने जळाली, तेही भरपूर पाण्यात, आणि आम्हाला कितीतरी दिवस कारण कळले नाही. उपाय अगदी स्वस्त आहे. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा बाहीसारखा मोटारीवर चढवायचा. वरचे तोंड जाळीच्या वर टोपण बसवून बंद करायचे. त्या टोपणातून फक्त डिलिव्हरी पाइप, दोर आणि केबल बाहेर येतात. खालचे तोंड मोटारीच्या बुडाच्या वीतभर खालपर्यंत उघडे ठेवायचे. आता पाण्याला आत यायला खालचाच रस्ता उरतो, आणि जाताजाता ते मोटारीला थंड करून जाते. ही बाही घातल्यापासून सात वर्षे तीच मोटार चालू आहे.

बाहीच्या खालच्या तोंडाला आम्ही टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट बांधले आहे आणि त्यावर शेडनेटचे एक आवरण आहे. आधी मी बाहीच्या तोंडालाच जाळी बांधली होती. ती दोन दिवसांत शेवाळाने बुजून जाई, कारण एवढ्याशा तोंडातून सगळे पाणी जोराने ओढले जात होते आणि येणारा प्रत्येक कचरा जाळीला चिकटून बसत होता. क्रेटमुळे जाळीचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढले, ओढ मंदावली, आणि आता पंधरा दिवसांनी एकदा ब्रशने घासले तरी पुरते. जलपर्णीचा लोंढा वाऱ्याने आमच्या बाजूला आला तर मात्र रोज जाऊन तराफ्याभोवतीची मुळे सोडवावी लागतात.

मोटार किती खोल टांगावी, याबाबत मी आता फार काटेकोर झाले आहे. वरचा थर उन्हाने तापतो आणि त्यावर हिरवी साय धरते. तळाजवळच्या पाण्यात उन्हाळ्यात प्राणवायू उरत नाही, त्यामुळे गाळातली काळपट घाण आणि सडक्या अंड्यासारखा वास पाण्यात उतरतो. घ्यायचे पाणी या दोहोंच्या मधले. आमच्या बाहीचे तोंड पृष्ठभागाखाली सात फुटांवर असते आणि त्याखाली तळापर्यंत किमान तीन-साडेतीन फूट पाणी मोकळे ठेवतो, म्हणजे तराफ्याखाली साडेदहा फूट पाणी हवेच. ते मोजण्यासाठी सासूबाईंनी एका लांब बांबूला जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या एकेका हातावर बांधून दिल्या आहेत. हिरव्या चिंध्यांमध्ये सातवी तेवढी लाल आहे. बांबू तळाला टेकवल्यावर लाल चिंधी पाण्याबाहेर दिसली की तराफा पुढे सरकवायचा. मोजपट्टी भिजते, आकडे पुसले जातात. ही चिंधी अंधारातही हाताला लागते.

आता पाइपाविषयी, कारण आमचे सर्वांत जास्त पैसे इथेच वाया गेले. घर पूर्ण भरलेल्या धरणाच्या पातळीपासून सुमारे चौदा मीटर उंचावर आहे, गच्चीवरची टाकी आणखी पाच मीटर, आणि वाईट उन्हाळ्यात पातळी नऊ मीटर खाली जाते. म्हणजे मोटारीला पाणी अठ्ठावीस मीटर उंच चढवायचे असते. दीड एचपीची व्ही-फोर मोटार सेकंदाला एक लिटर पाणी एवढे सहज चढवते. तरीही टाकीत करंगळीएवढी धार पडत होती. आम्हाला वाटले मोटार लहान पडली, म्हणून दोन एचपीची आणण्याचे ठरवत होतो. तेव्हा त्याच मिस्त्रींनी विचारले, “पाइप किती इंची हाय?” पाइप चाळीस मिलिमीटरचा होता, आणि लांबी सहाशे मीटर.

घरी येऊन मी मुलाच्या मदतीने हिशेब मांडला. सेकंदाला एक लिटर पाणी चाळीस मिलिमीटरच्या एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या, पाइपातून जाताना दर शंभर मीटरला साधारण पाच मीटर उंचीइतका जोर नुसत्या घर्षणात जातो. सहाशे मीटरला तीस मीटर झाले. म्हणजे प्रत्यक्ष चढ अठ्ठावीस मीटर, आणि पाइपाने मागितलेला चढ त्याहूनही जास्त. त्रेसष्ट मिलिमीटरच्या पाइपात हेच घर्षण शंभर मीटरला अर्ध्या मीटरवर येते, सहाशे मीटरला तीन. व्यास दीडपट केला की घर्षण दहापटीने घटते, हे कागदावर पाहूनही माझा विश्वास बसत नव्हता. पाइप बदलला आणि त्याच दीड एचपीच्या मोटारीने दोन हजार लिटरची टाकी पस्तीस मिनिटांत भरली. आमच्याकडे पाणी कमी आले की लोक पहिल्यांदा मोटारीचे एचपी वाढवतात. मी प्रत्येकाला आधी पाइपाचा व्यास आणि लांबी विचारते.

मोठ्या पाइपाचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सहाशे मीटर लांबीच्या त्या पाइपातच तेराशे लिटर पाणी मावते. पंपाच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, नसेल किंवा गळका असेल, तर मोटार बंद होताच हे सगळे पाणी मागे धावते, पंख्यांना उलटे फिरवते, आणि त्याच वेळी कोणी बटण दाबले तर शाफ्ट तुटतो. शिवाय पुढच्या वेळी वीस-बावीस मिनिटे वीज नुसता पाइप भरण्यात जाते. व्हॉल्व्ह ठीक आहे की नाही हे मी यावरूनच ओळखते: बटण दाबल्यावर टाकीत लगेच धार पडली तर व्हॉल्व्ह चांगला, पाच मिनिटे नुसता हवेचा फुसफुस आवाज आला तर बिघडला. बांधापर्यंतचा पाइप दीड फूट खोल पुरला आहे. काळ्या पाइपात उभे असलेले पाणी मे महिन्यात इतके तापते की हात भाजतो, आणि गुरे सोडली की खुरांनी उघडा पाइप फुटतो. बांधाच्या पुढचा पाइप मात्र शंभर-शंभर मीटरच्या तुकड्यांचा आहे आणि कप्लरने जोडला-सोडला जातो, कारण तो काठाबरोबर वाढवावा आणि आखडावा लागतो.

विजेबद्दल लिहिताना मला थोडे थांबून लिहावे लागते. सुरुवातीला आमची मोटार सिंगल फेजवर होती. दीड एचपीची सिंगल फेज मोटार नऊ-दहा अँपिअर घेते. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून सहाशे मीटर जाऊन परत येताना त्यातले पन्नासेक व्होल्ट वाटेतच संपतात. आधीच संध्याकाळी वस्तीवर दोनशे व्होल्ट येतात. मोटारीपर्यंत दीडशे पोहोचले तर ती गुरगुरते, तापते, फिरत नाही. थ्री फेजची तेवढ्याच एचपीची मोटार साडेतीन अँपिअरच्या आत चालते आणि त्याच केबलमध्ये पंधरा-सोळा व्होल्टच जातात, तेही चारशे पंधरामधून. म्हणून आम्ही घरगुती थ्री फेज जोडणी घेतली. एक फेज गेला तर मोटार आपोआप बंद करणारे प्रिव्हेंटर स्टार्टरमध्ये आहे. दोन फेजवर कॅपॅसिटर लावून मोटार चालवण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. मी ती घरात येऊ दिलेली नाही.

आता तो प्रसंग. पहिल्या ओपनवेल मोटारीच्या वेळी पाणी फार मागे गेले, केबल पुरेना, म्हणून तिला दुसरा तुकडा जोडला. जोड साध्या काळ्या टेपने गुंडाळला आणि काठावरच्या चिखलात पडू दिला. तेव्हा स्टार्टरला ‘ऑटो’ होता. वीज आली की मोटार आपोआप सुरू होई, आणि आम्हाला ती मोठी सोय वाटे. दुपारी वीज गेलेली होती. शेजारच्या मळ्यातल्या काकू म्हशी पाण्यावर घेऊन आल्या होत्या आणि आमचा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा, त्यांच्या मागे जात होता. वीज आली. सर्वांत पुढे असलेली म्हैस त्या चिखलात पाय टाकताच थरथरली, गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा उठली नाही. काकूंनी मुलाला दंडाला धरून मागे फेकले. तो चिखलापासून पाच-सहा पावलांवर होता. म्हशीची भरपाई आम्ही दिली. काकू आजही आमच्याकडे चहाला येतात आणि त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाहीत.

त्या दिवसापासूनचे आमच्या घरचे नियम आहेत आणि ते पाहुण्यांनाही लागू आहेत. बांधापासून मोटारीपर्यंतची केबल एकसंध आहे. जास्तीची लांबी लाकडी रिळावर गुंडाळून बांधावर राहते. केबल कापायची नाही आणि जोडायची नाही. ऑटो काढून टाकला. मोटार माणसाने बटण दाबूनच सुरू होते. मेन स्विचच्या पुढे तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आहे आणि त्याचे चाचणीचे बटण मी दर महिन्याला दाबून पाहते. तराफ्यावर जायचे असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढायचे आणि जाणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात घेऊन जायचे. दीर पहिल्यांदा म्हणाले, “वहिनी, मी हाय की स्विचपाशी, फ्यूज कशाला?” तरीही फ्यूज खिशातच जातात. चिखल, पाणी आणि केबल एकत्र आली की स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाला काही करायला वेळ मिळत नाही.

तराफ्यावर जाताना लाइफ जॅकेट घालायचे, हा नियम नंतरचा. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो तेव्हा हे पाणी समुद्रासारखे होते. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या वाटेवर प्रवासी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आम्ही सगळे लहानपणापासून पोहणारे आहोत, पण त्या दिवसानंतर दोन जॅकेटे आणली. तराफ्याकडे सकाळी दहाच्या आतच जातो.

टाकीत पडलेल्या पाण्याचे काय करतो, हेही सांगितले पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून शेवटी इथेच येते. उन्हाळ्यात साठा आटतो तसे पाणी हिरवे होत जाते आणि कधीकधी रंगाच्या डब्यासारखी जाड साय काठाला लागते. आमच्या काठावर लोकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. मीही अर्जांवर सह्या केल्या आहेत आणि करत राहीन, कारण एवढ्या मोठ्या जलाशयाशेजारी राहून पिण्यासाठी वीस लिटरचा जार विकत आणावा लागणे हे मला मान्य नाही. पण आज तरी पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी आम्ही जारचेच घेतो. धरणाचे पाणी आंघोळ, कपडे, भांडी आणि गुरे यांसाठी.

त्यासाठीही ते तसेच वापरत नाही. खालच्या सिमेंटच्या टाकीत पाणी आधी स्थिर होते. पावसाळ्यात गढूळ असले तर हजार लिटरला साधारण तीस ग्रॅम तुरटी विरघळवून घालते, काठीने हलकेच ढवळते आणि रात्रभर तसेच ठेवते; सकाळी तळाला बोटभर गाळ बसलेला असतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन त्यात हजार लिटरला अडीच-तीन ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालते. क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात टीसीएल घातले तर ते गाळावरच खर्ची पडते. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी, करते; नळीतले पाणी फिकट पिवळे झाले म्हणजे पुरेसे झाले. हिरवी साय आमच्या काठाला लागली असेल त्या दिवसांत मोटार सुरूच करत नाही. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष उकळूनही जात नाही, आणि अशा पाण्याने आंघोळ केल्यावर मुलांच्या अंगाला खाज सुटलेली मी पाहिली आहे. म्हणून एप्रिलपासून दोन्ही टाक्या नेहमी भरलेल्या ठेवते, म्हणजे वारा फिरेपर्यंत चार दिवस निघतात. गुरांनाही ते पाणी पाजत नाही.

एक गोष्ट राहिली. धरणातून मोटारीने पाणी घ्यायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. घरच्या वापरासाठी थोडेच पाणी घ्यायचे असल्याने अनेकांना ते अनावश्यक वाटते. आम्ही परवानगी घेतली आहे आणि पाणीपट्टी भरतो. टंचाईच्या काळात काठावरच्या मोटारींची वीज तोडण्याचे आदेश निघतात, तेव्हा आपली मोटार घरगुती पाण्याची आहे हे दाखवायला तो कागदच उपयोगी पडतो.

सध्या जुलै संपत आला आहे. दौंडकडून विसर्ग वाढल्याच्या बातम्या येत आहेत आणि पाणी रोज जवळ येत आहे. परवा आम्ही शंभर मीटरचे दोन तुकडे सोडवून गुंडाळून ठेवले, केबल रिळावर घेतली आणि तराफा मागे ओढला. मोटार वर काढून पाहिली. बाहीच्या आत गाळ नव्हता, पण नायलॉनचा दोर अँगलला घासून एका जागी निम्मा झिजला आहे. नवा दोर आणि त्या जागी घालायला रबरी नळीचा तुकडा काल बाजारातून आणला आहे. उद्या सकाळी दीर शेतावर जाण्याआधी तो बदलून घ्यायचा आहे. फ्यूज मी आताच काढून ठेवले आहेत.